खासगी कागदपत्रांचं दालन: आधी काय, नंतर काय आणि काय घेऊच नये

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या काही वर्षांत चौदा जणांची खासगी कागदपत्रं येऊन पडली आहेत: निवृत्त प्राध्यापक, दोन लेखक, एक कामगार पुढारी, एक समाजकार्यकर्त्या. एकूण १८० खोकी आणि सहा ट्रंका. हाताशी एक सहायक ग्रंथपाल, दोन कंत्राटी मुलं आणि १२ लाख रुपये. कुलगुरूंना तीन वर्षांचा आराखडा हवा आहे, आणि तुम्ही विचारता की स्कॅनिंग कोणाच्या कागदांचं आधी करायचं.

त्याआधीचे तीन प्रश्न सुटल्याशिवाय याचं उत्तर देता येणार नाही. या चौदांपैकी कोणते संग्रह कायद्याने खरोखर विद्यापीठाचे आहेत? प्रत्येकात ढोबळमानाने काय आहे? आणि त्यातलं काय येत्या पावसाळ्यापलीकडे टिकणार नाही? खासगी कागद स्वीकारणं म्हणजे देणाऱ्या घराला शब्द देणं. असे चौदा शब्द आधीच देऊन झाले आहेत, तेव्हा ते पाळायचे कसे याचा हिशेब आराखड्यात पहिला यायला हवा.

स्कॅनिंगचं गणित करून बघा. एका खोक्यात साधारण दीड हजार कागद धरले तर १८० खोक्यांत २ लाख ७० हजार. निम्म्या कागदांना पाठीमागे मजकूर असतो, म्हणजे चार लाख प्रतिमा. घड्या पडलेले, वेगवेगळ्या आकारांचे, टाचण्या लावलेले कागद वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली घेताना एक माणूस दिवसाला ४०० प्रतिमांपलीकडे नीट जात नाही. वर्षाचे २२० कामाचे दिवस धरले तर ८८ हजार. म्हणजे एका माणसाची साडेचार वर्षं. ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) रंगीत ए-फोर पानाची टिफ फाईल, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेली प्रतिमा, सुमारे ४६ एमबीची होते, चार लाखांच्या १८ टीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या म्हटल्या तर ५५ टीबी. एवढं करून हाती काय येणार, तर कोणालाच न उलगडणाऱ्या क्रमांकांच्या चार लाख फायली. कारण कोणता कागद कशाशी जोडलेला आहे हे सांगणारी यादीच नाही.

म्हणून यादी पहिली. एका खोक्याला एक तास, त्याहून जास्त नाही. धुळीच्या कामात माणूस दिवसाला चार तासच लक्ष देऊन काम करतो, तेव्हा १८० खोकी म्हणजे ४५ दिवस. ट्रंकांना आणखी एक आठवडा द्या. साध्या एक्सेलमध्ये इतकंच टिपा: खोक्याचा क्रमांक, कोणाचे कागद, कोणी कधी आणून दिले, आत कोणत्या प्रकारचे कागद आहेत ते दोन ओळींत, सर्वांत जुनं आणि सर्वांत नवं साल, भाषा व लिपी, अवस्था, आणि खासगीपणाचा प्रश्न येईल असं काही दिसलं का. या फेरीत एकही कागद जागचा हलवायचा नाही. पत्रं वाचत बसायचं नाही. (हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. नामवंतांचं हस्ताक्षर दिसलं की एका खोक्याला तीन दिवस लागतात.)

यादी चालू असतानाच दुसऱ्या हाताने मालकीचे कागद बघा. बहुतेक ठिकाणी फाईलमध्ये फक्त 'आभार' मानणारं पत्र असतं. त्याने मालकी सिद्ध होत नाही. माणूस गेल्यावर त्याचे कागद सर्व कायदेशीर वारसांचे होतात. थोरल्या मुलाने ट्रंक आणून दिली आणि पुण्यातल्या बहिणीला माहीतच नव्हतं, तर पुढे वाद तुमच्या दारात येतो. मृत्युपत्रात स्पष्ट तरतूद नसेल तर सर्व वारसांच्या सह्यांचं दानपत्र करून घ्या आणि मसुदा विद्यापीठाच्या विधी विभागाकडून तपासून घ्या. 'ठेव म्हणून देतो, लागतील तेव्हा परत नेऊ' या बोलीवर आलेल्या संग्रहावर दानपत्र होईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. तुम्ही खोकी बदलायची, यादी करायची आणि मग ते उचलून न्यायचे, हे होतं.

दानपत्रात कॉपीराइटचा परिच्छेद वेगळा लागतो, कारण कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क या दोन गोष्टी आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ नीट वाचा. हस्तांतर लेखी हवं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरताच मिळतो. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो सुटू शकतो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. म्हणून तीनही गोष्टी स्पष्ट शब्दांत घाला: कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, आणि एक वर्षाची अट लागू नाही. नुसता परवाना घेतलात तरी हेच, कारण कलम ३०अ मुळे या तरतुदी त्यालाही लागतात.

इथे एक गफलत सर्रास होते. तुमच्याकडच्या कामगार पुढाऱ्याला आलेली पत्रं त्याची असली तरी त्यांतल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्यांचा किंवा त्यांच्या वारसांचा. पुढाऱ्याच्या घरच्यांनी लिहून दिलेला हक्क फक्त पुढाऱ्याने स्वतः लिहिलेल्या मजकुरापुरता. आणि 'मृत्यूनंतर साठ वर्षं झाली की मोकळं' हे सोपं गणित हयातीत छापून आलेल्या लेखनाचं आहे. अप्रकाशित लेखनाची साठ वर्षं पहिल्या प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात. दिलासा एवढाच की सार्वजनिक प्रवेश असलेल्या संस्थेत ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची संशोधनासाठी किंवा खासगी अभ्यासासाठी प्रत काढायला कलम ५२ मुभा देतं. लेखक कोण हे माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला साठ वर्षं होऊन गेलेली असायला हवीत. थोडक्यात, वाचनकक्षात कागद दाखवणं सोपं आहे, तोच कागद संकेतस्थळावर टाकणं वेगळं. सरसकट स्कॅन करून सरसकट चढवायची योजना आखू नका, त्याचं हेही एक कारण.

आता मूळ प्रश्नाजवळ येतो: आधी कोणाचं? माणसाच्या नावावरून क्रम लावू नका. थांबलो तर काय नष्ट होईल, यावरून लावा.

सगळ्यात आधी नष्ट होते ती कागदाबाहेरची माहिती. फोटोंच्या पाकिटात चाळीस चेहरे असतात आणि ते ओळखणारी बाई पंच्याऐंशी वर्षांची असते. तिचा मुलगा त्यांतले पाच ओळखेल, नातू एकही नाही. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला, तिच्यापुढे एकेक ठेवा, रेकॉर्डर चालू करा, आणि क्रमांक मोठ्याने बोलून मग विचारा. दीड तासापेक्षा जास्त बसवू नका, थकवा आला की नावं चुकतात. निघताना तिच्या घरून आणखी कोणतेही कागद 'जमलं तर' म्हणून उचलून आणू नका.

दुसरं, डिजिटल आणि चुंबकीय माध्यमं. चांगला कागद नुसता कोरडा ठेवला तरी पन्नास वर्षं वाट बघतो. फ्लॉपी, घरी लिहिलेली सीडी, ऑडिओ कॅसेट आणि जुनी हार्ड डिस्क बघत नाहीत. दमट हवेत सीडीचा थर उतरतो, कॅसेटला बुरशी येते. हार्ड डिस्क किंवा पेनड्राईव्ह थेट संगणकाला लावून उघडू नका, नुसत्या उघडण्याने फायलींच्या तारखा बदलू शकतात. डिस्कवर काही लिहिलं जाणं रोखणारं उपकरण मध्ये लावून संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत घ्या, चेकसम (फाईल बदलली का हे ओळखायचा आकडा) काढून ठेवा, मग प्रतीवर काम करा.

मराठी लेखकांच्या बाबतीत यात एक खास अडचण आहे, ती बाहेरच्या मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. २०००च्या आसपासचं बरंचसं मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरव्यवस्था) नसलेल्या फॉन्टांत आहे. तो फॉन्ट नसेल तर आजच्या वर्डमध्ये कादंबरीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. अशा प्रत्येक फाईलचे तीन अवतार ठेवा: मूळ फाईल जशीच्या तशी, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ, आणि युनिकोडमध्ये केलेलं रूपांतर. लेखकाच्या संगणकावर कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती होती हेही टिपा. रूपांतर शोधण्याच्या सोयीसाठी, पुरावा म्हणून नाही. या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे रूपांतरात रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि जोडाक्षरं फुटतात.

तिसरं, स्वतःहून मरणारे कागद. फॅक्सचा गुळगुळीत थर्मल कागद आणि पावत्या उडून कोऱ्या होतात. त्या सगळ्यांत आधी स्कॅन करा, निवड करत बसू नका. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी करा, तिच्या वाफेने शेजारचीही बिघडते. वर्तमानपत्रांची कात्रणं पिवळी पडून शेजारच्या पत्रावर डाग सोडतात, मध्ये अम्लरहित कागद घाला.

चौथं, वाळवी, कसर आणि बुरशी. नवीन आलेलं कोणतंही खोकं थेट मांडणीवर जाता कामा नये. एक वेगळी खोली, नसेल तर व्हरांड्याचा बंदिस्त कोपरा, आणि किमान तीन आठवडे देखरेख. जिवंत कीड दिसली तर खोकं प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर पाणी सुटतं. बाजारातला साधा डीप फ्रीझर चालतो, मात्र तो उणे २० गाठतो का हे थर्मामीटरने तपासा. फोटो, निगेटिव्ह आणि टेप यात घालू नका. ओली बुरशी ब्रशने झाडली तर ती पसरते. आधी हवा खेळती ठेवून वाळवा, मग एन-९५ मुखपट्टी लावून हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढा. डांबरगोळ्या नकोत. त्यांनी कसर जेमतेम दूर राहते, बुरशीला काही होत नाही आणि काम करणाऱ्यांना त्रास होतो. बुरशीवर दिली जाणारी थायमॉल या रसायनाची धुरीही मी आता सुचवत नाही.

खोलीबद्दल सरसकट सल्ला देता येत नाही, ते तुमच्या गावावर अवलंबून आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी धरते. तिथे आर्द्रता काढणारं यंत्र हा पहिला खर्च, आणि त्याची नळी थेट मोरीत सोडा. टाकी कोणीतरी रोज रिकामी करेल या भरवशावर राहिलात तर पहिल्याच जोडून आलेल्या सुट्टीत यंत्र बंद पडलेलं असेल. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलटा: उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की जुना कागद हात लावताच कडांना तुटतो. तिथे कूलर लावून ओल आणण्यापेक्षा खोली उत्तरेकडची घ्या आणि खोकी बंद ठेवा. दोन्हीकडे समान नियम एकच: सकाळी दहाला एसी चालू आणि संध्याकाळी साडेपाचला बंद, असं करायचं असेल तर एसी नकोच. रोजचा चढउतार कागदाला स्थिर उकाड्यापेक्षा वाईट. तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदणारे डेटा लॉगर दोन घ्या, एक खिडकीजवळ आणि एक आतल्या कोपऱ्यात. वर्षभराचा आलेख हातात असला की वित्त अधिकाऱ्यांशी बोलणं सोपं जातं.

तळघर नको, गळक्या स्लॅबखालचा वरचा मजला नको, वरून स्वच्छतागृहाचा पाईप जाणारी खोली तर नकोच. मांडणी जमिनीपासून आणि भिंतीपासून प्रत्येकी १५ सेंटिमीटर दूर. बंद लोखंडी कपाट सुरक्षित वाटतं, पण पावसाळ्यात त्याच्या आत हवा कोंडते आणि मागच्या रांगेतल्या कागदांवर बुरशी येते, हे सप्टेंबरपर्यंत कळतही नाही. खोकी अम्लरहितच घ्या. सगळ्यांना पुरेसे पैसे नसतील तर तातडीचे संग्रह आधी, आणि बाकीच्या गठ्ठ्यांना धुतलेलं, रंग न दिलेलं मांजरपाट. आपल्याकडे दप्तरं रुमालात बांधून शतकं टिकली, ती काही उगाच नाही.

यानंतर मांडणी आणि वर्णन. ग्रंथालयातून आलेल्या माणसाचा हात इथे चुकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही, त्याची शिस्तच वेगळी. प्रत्येक पत्राला दाखल क्रमांक, कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत नोंद, पहिल्या पानावर रबरी शिक्का असं सुरू होतं, आणि दोन वर्षांत तीन खोकी होतात. खासगी कागदांचं एकक संग्रह असतं. त्या माणसाने फायली ज्या क्रमाने ठेवल्या तो क्रम हीसुद्धा माहिती आहे. संपाच्या फाईलमध्ये मुलीच्या शाळेच्या फीची पावती असेल तर ती तिथेच राहू द्या. त्या महिन्यात घर कसं चाललं होतं ते तीच सांगते. नामवंतांची पत्रं वेचून वेगळी फाईल करणं तर अजिबात नको. मात्र पोत्यात कोंबून आलेल्या कागदांना मूळ क्रम असल्याचा आव आणू नका. तिथे तुम्ही क्रम लावा आणि तो तुम्ही लावला आहे असं लिहून ठेवा.

वर्णनासाठी इसाड-जी हे आंतरराष्ट्रीय मानक घ्या. त्यात २६ घटक आहेत, पण अनिवार्य सहाच: संदर्भ क्रमांक, शीर्षक, कागद ज्याच्याकडून निर्माण झाले ते नाव, कालावधी, आकारमान आणि वर्णनाची पातळी. तिसऱ्या वर्षापर्यंत चौदाही संग्रह या सहांसकट मालिकेच्या (एका प्रकारच्या किंवा एका कामाच्या फायलींचा गट) पातळीपर्यंत उतरले तर काम उत्तम झालं म्हणायचं. अमेरिकेत ग्रीन आणि माइसनर यांनी २००५ मध्ये मोठ्या आधुनिक संग्रहांसाठी घनफुटाला चार तास असा अंदाज मांडला होता. आपली धूळ, तीन भाषा आणि मोडी धरता मी एका खोक्याला दहा तास धरतो. १८० खोक्यांचे १,८०० तास. दोन माणसं रोज पाच तास या दराने १८० दिवस. म्हणजे एका वर्षाचं काम, तीन वर्षांत सुट्ट्या आणि सोडून जाणारी मुलं धरूनही बसणारं. सगळ्या स्टेपल काढत बसू नका, गंजलेल्या तेवढ्याच काढा. सेलोटेप ओढू नका. लॅमिनेशन कोणी सुचवलं तर ठाम नकार.

जुन्या घराण्यांच्या ट्रंकेत तळाशी मोडीतला एखादा गठ्ठा निघतोच, वतनाचा नाहीतर जमिनीच्या वादाचा. त्याचं लिप्यंतर हे वेगळं काम आहे, या तीन वर्षांत घेऊ नका. मोडी वाचणाऱ्याला दोन दिवस बसवून तारीख, गाव आणि विषय एवढंच काढून घ्या. शकाच्या आकड्यात ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानची तिथी असेल तर ७९. दख्खनी फसलीत (महसुली कालगणना) जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९० आणि पुढच्या महिन्यांत ५९१. मूळ तारीखही नोंदीत ठेवा, फक्त रूपांतरित आकडा लिहिला तर चूक नंतर सापडत नाही.

खासगीपणाबाबत समाजकार्यकर्त्यांचा संग्रह सगळ्यात नाजूक. त्यात मदत मागायला आलेल्या बायकांची नावं, पत्ते, वैद्यकीय कागद असणार. प्राध्यापकांकडे गोपनीय अहवाल, पीएच.डी.च्या परीक्षकांचे अभिप्राय, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेख जतनासाठी सूट आहे, पण तीही अटींसह, आणि ती सूट म्हणजे इंटरनेटवर टाकायचा परवाना नव्हे. माझी पद्धत: आरोग्य आणि तक्रारींचे कागद त्यांच्या तारखेपासून ७५ वर्षं बंद, परीक्षकांचे अभिप्राय ३० वर्षं. प्रत्येक बंद लिफाफ्यावर उघडण्याची तारीख. 'कुटुंबाच्या परवानगीने' अशी अट नको. कुटुंब विखुरतं आणि ती फाईल कायमची बंद राहते.

वर सांगितलेले उडून जाणारे कागद सोडले तर स्कॅनिंग तिसऱ्या वर्षी. दोन किंवा तीन संग्रहांतली निवडक मालिका, ज्यांची यादी झाली आहे, हक्क स्पष्ट आहेत आणि ज्या वारंवार मागितल्या जातात. निविदेत नुसता पानाचा दर मागू नका, सर्वांत कमी दरवाला आपोआप कागद ओढून घेणारं यंत्र घेऊन येईल. कागद हाताने उलटायचे, इमारतीबाहेर न्यायचे नाहीत, टिफ मूळ प्रत द्यायची, दर शंभरातल्या पाच प्रतिमा तपासल्याशिवाय बिल नाही, हे लिहा.

आणि नवीन संग्रह? पहिले अठरा महिने घेऊ नका. धोरण दोन पानांचं करा: कोणत्या प्रदेशाचे, कोणत्या क्षेत्रांतले कागद घेणार, आणि कोणते दुसरीकडे पाठवणार. एकाच माणसाचे कागद आधीच दुसऱ्या संस्थेत असतील तर उरलेले तिकडे जाऊ द्यावेत. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर, तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे, पण त्यांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. कुठे आहे ते नोंदलेलं असलं की अभ्यासक पोचतो. छापील पुस्तकं ग्रंथालयाकडे द्या. शाली, श्रीफळांची तबकं आणि स्मृतिचिन्हं घरच्यांना प्रेमाने परत करा, मानपत्रातला मजकूर मात्र ठेवा. हे धोरण व्यवस्थापन परिषदेत मंजूर करून घ्या, म्हणजे कुलगुरू बदलले तरी ते टिकेल.

कुलगुरूंकडे मागायचं तर स्कॅनर मागू नका, एक कायम पद मागा. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचं मूल निघून गेलं की कोणत्या खोक्यात काय हे ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. पद मिळेपर्यंत प्रत्येक संग्रहाची काम-डायरी त्या संग्रहाच्या पहिल्या खोक्यात ठेवा. १२ लाखांपैकी मी अंदाजे एक तृतीयांश खोलीवर, एक चतुर्थांश खोकी आणि फोल्डरवर घालीन, तातडीची डिजिटल माध्यमं आणि साठवण यांना तेवढंच, बाकी मानधनाला. मार्च अखेरीस उरलेले पैसे संपवायची घाई झाली तर खोकी घ्या, ती कधीच वाया जात नाहीत.

नॅकचं, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, मूल्यांकन तुमच्या आराखड्याच्या मध्येच येणार, आणि तेव्हा दाखवायला काहीतरी मागितलं जाईल. पहिल्या दोन महिन्यांतली ती खोक्यांची यादी, नावं आणि बंद कागद वगळून, ग्रंथालयाच्या पानावर टाका. चौदा संग्रह, प्रत्येकी एक परिच्छेद, आणि वाचनकक्षात येण्याचा दिवस व वेळ. मंगळवार-गुरुवार दुपारी दोन ते पाच इतकंच जमत असेल तर तेवढंच लिहा, पण त्या वेळेला दार उघडं ठेवा.